चातुर्मास आणि तुझा खेळ

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या स्ट्रॅटेजी गेमचा आराखडा मिळाला आणि तो मी सावकाश वाचला. सैन्य आणि व्यापार यांच्या नियमांबद्दल मला काही सुचवायचे नाही. माझी हरकत एकाच गोष्टीला आहे. तू धर्म आणि विद्या यांची दोन वेगळी खाती ठेवली आहेस, आणि एकात सोने घातले की दुसरे तेवढे रिकामे होते. आपल्या मुलखाचा इतिहास पाहता हे मला पटत नाही. येथे शेकडो वर्षे विद्येचा मुक्काम मुख्यतः बसदीत (म्हणजे जैन मंदिरात), मठात आणि देवळातच होता. त्यांनीच तिला पोसले आणि अनेकांसाठी तिचे दारही त्यांनीच बंद ठेवले.

आमच्या तालुक्यातले हलशीच घे. कदंब राजघराण्याच्या काळी ही पलाशिका, त्यांची दुसरी राजधानी. तेथे सापडलेल्या कदंब राजा रविवर्म्याच्या ताम्रपटात जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव दरवर्षी व्हावा आणि पावसाळ्याचे चार महिने तपस्व्यांचा निर्वाह चालावा, म्हणून गावाचे उत्पन्न लावून दिले आहे. आमच्याकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे: आषाढात ओढे फुगतात, वाटा चिखलाने भरतात आणि बैलगाडी जागची हलत नाही. एरवी सतत विहार करणारा जैन मुनी याच दिवसांत एका गावी थांबतो, आणि ज्या गावाकडे त्याच्या आहाराची सोय असते त्या गावाला चार महिने त्याचे प्रवचन आणि अध्यापन लाभते. तेव्हा तुझ्या पटावर प्रत्येक वर्षात एक पावसाळी डाव अवश्य ठेव. त्या डावात फौजा आणि तांडे थांबतील, आणि ज्याने उन्हाळ्यात लढाईवर सगळे धान्य उधळले नसेल त्याच्याच गावी विद्वान उतरतील. खेळाडूला युद्ध आणि विद्या यांतली निवड करायला लावण्याची याहून चांगली रीत मला दिसत नाही.

विद्येचा खर्च केवळ राजाच्या खजिन्यातून दाखवणेही बरोबर नाही. इंडी तालुक्यातील सालोटगीच्या 945 सालच्या शिलालेखात, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा मंत्री नारायण याने उभारलेल्या शाळेची नोंद आहे. विद्यार्थ्यांसाठी 27 निवासस्थाने होती, दिव्यांसाठी वेगळी जमीन होती, आणि गावात लग्न किंवा मुंज झाली की शाळेला ठरलेली देणगी जात असे. हा दिव्यांचा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण रात्रीच्या अभ्यासाचाही हिशेब कोणीतरी मांडला होता. तुझ्या खेळात दुष्काळ पडून लग्नकार्ये थांबली, तर शाळेचे उत्पन्नही आटले पाहिजे.

पोथ्यांबाबत दोन्ही टोकांची उदाहरणे आपल्याजवळ आहेत. दहाव्या शतकात अत्तिमब्बे या जैन श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या 1000 प्रती लिहवून घेऊन वाटल्या, कारण शास्त्रदान हे तिच्या धर्मात मोठे पुण्य. उलट महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत लिहून पंथाबाहेरच्यांपासून राखले. प्रती वाटल्या की ज्ञान पसरते पण हातात राहत नाही, आणि लिपीत कोंडले की ते टिकते पण बाहेर कोणाच्या उपयोगी पडत नाही. खेळाडूला हे दोन्ही मार्ग खुले असू देत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दाराचा नियम. वेदपाठशाळेत स्त्रीशूद्रांना प्रवेश नव्हता, हे गाळून केलेला खेळ खोटा ठरेल. बाराव्या शतकात कल्याणच्या (आजच्या बसवकल्याणच्या) शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या परिवारातल्या शिवभक्तांनी, कन्नडात वचने म्हणजे छोटी गद्यकाव्ये रचली, 1290 मध्ये ज्ञानेश्वरी मराठीत आली, आणि ज्यांना संस्कृत कळत नव्हते त्यांच्यापर्यंत तत्त्वविचार पोहोचला. म्हणून विद्येची भाषा बदलण्याची चाल ठेव. तिने शिकणारे वाढतील, पण जुन्या मठांचा आणि अग्रहारांचा (ब्राह्मणांना दान दिलेल्या गावांचा) रोषही ओढवेल.

कल्याणातील उलथापालथीनंतर शरण पांगले आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्यासह काही जण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या उळवीच्या रानात गेले, असे परंपरा सांगते. वचने त्यांच्याबरोबरच गेली. त्यामुळे राजधानी पडताच विद्येचे गुण शून्यावर आणण्याचा तुझा नियम तेवढा बदल. ते गुण पांगलेल्या माणसांबरोबर चालू देत, आणि त्यांना आसरा देईल त्या गावाच्या खाती जमा होऊ देत. नवे नियम लिहून झाले की पाठव. आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांबरोबर खेळून पाहीन आणि कुठे अडते ते सविस्तर कळवीन.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा मित्र