मुळांना मोकळी जमीन द्या : उद्यान अधीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याआधीची छाटणी सुरू झाली की गल्लोगल्ली शिडीच्या गाड्या दिसू लागतात आणि फुटपाथवर फांद्यांचे ढीग पडतात. हे काम गरजेचं आहे आणि भर उन्हात ते करणाऱ्या कामगारांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण दरवर्षी आपण झाडाचा शेंडाच बघतो. बुंध्याखाली काय चाललंय तिकडे फारसं कोणी वाकून बघत नाही. त्याबद्दलच हे पत्र.

निमित्त झालं लंडनच्या क्यू गार्डन्सचं. मुलगी तिकडे नोकरीला असल्यामुळे जाणं झालं. 1759 साली सुरू झालेली ही बाग आपल्या राणीच्या बागेच्या जवळजवळ सहापट आहे. बाहेर बोचरी थंडी, अंगात स्वेटर, त्यावर कोट. आणि 1848 साली बांधून झालेल्या पाम हाउसच्या दारातून आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, थेट जूनमधली मुंबई! माड, केळी, कोको असं सगळं काचेखाली ऊब देऊन जपलेलं. आपल्याकडे कोकणात परसात वाढणाऱ्या झाडासाठी तिथे केवढी खटपट करतात, ते बघून जीव भरून आला.

खरी शिकण्याची गोष्ट मात्र बाहेर होती. हिरवळीवर लोक खुशाल चालतात, बसतात, मुलं लोळतात. पण जुन्या झाडांभोवती गवत काढून मोठं वर्तुळ मोकळं सोडलेलं आणि त्यावर लाकडाचा चुरा पसरलेला. हे कशासाठी, ते टर्नर्स ओक नावाच्या झाडाची हकीकत वाचल्यावर कळलं.

हा ओक 1798 साली लावलेला. 1980च्या दशकात तो खंगत चालला होता. 16 ऑक्टोबर 1987च्या पहाटे दक्षिण इंग्लंडवर भयंकर वादळ आलं. क्यूमधली सुमारे 700 झाडं त्यात गेली. हा ओक मात्र कुंडीतलं रोप उचलून परत ठेवावं तसा मुळांसकट वर उचलला गेला आणि पुन्हा आपल्याच खड्ड्यात बसला. इतकी झाडं आडवी झाली होती की त्याच्याकडे बघायला सवड नव्हती; टेकू देऊन ठेवला. तीन वर्षांनी बघतात तर मरणपंथाला लागलेलं झाड तरारून आलेलं! बागेच्या वृक्षविभागाचे पुढे प्रमुख झालेले टोनी कर्कम आणि त्यांचे सहकारी विचारात पडले. उत्तर जमिनीत होतं. वर्षानुवर्षं लाखो माणसांच्या पायांखाली माती दडपून घट्ट झाली होती, मुळांना हवा मिळत नव्हती, पाणी मुरत नव्हतं. वादळाने ती माती एका झटक्यात सैल केली. तेव्हापासून तिथे जुन्या झाडांखालची माती दाबाच्या हवेने मोकळी करतात आणि वर चुरा पसरतात.

साहेब, तिथे माणसांच्या पावलांनी झाड आजारी पडलं. आपण तर बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवतो, त्यावर सिमेंट ओततो. झाडाला अन्न-पाणी पुरवणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दोन फूट मातीत असतात आणि पानांच्या घेरापलीकडेही पसरतात. त्यांनाही श्वास घ्यावा लागतो. रस्ता, गटार, केबल, जलवाहिनी यांतल्या प्रत्येक कामाला हीच दोन फूट जमीन खणली जाते.

आमच्या भागात एका पावसाळ्यात एक मोठा पर्जन्यवृक्ष आडवा झाला. नशिबाने कोणी खाली नव्हतं. मी जवळ जाऊन बघितलं. रस्त्याकडच्या बाजूला मांडीएवढं मूळ करवतीने कापावं तसं सरळ कापलेलं होतं. कापलेला भाग काळा पडून कुजला होता, बोट लावलं तर भुसा निघत होता. दुसऱ्या बाजूची मुळं कठड्याला अडून गोल गोल वळलेली. वर पानं मात्र हिरवीगार! फांद्या कितीही छाटल्या असत्या तरी ते झाड उभं राहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी ओंडके उचलले गेले आणि त्या जागी ब्लॉक बसले. ते का पडलं, याची नोंद कोणी करताना मला दिसलं नाही.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मुंबईत शेकडो झाडं पाडली. त्या प्रत्येक उघड्या पडलेल्या मुळात शिकण्यासारखं काही ना काही होतं. म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात कळकळीची विनंती : यापुढे पडणाऱ्या प्रत्येक झाडाचा, ओंडके उचलण्याआधी, मुळांसह फोटो घ्यावा आणि जात, घेर, कुजलेली किंवा कापलेली मुळं, जवळ झालेलं खोदकाम एवढं लिहून ठेवावं. ही माहिती नागरिकांना बघता यावी. दोन-तीन पावसाळ्यांत कोणती कामं झाडं पाडतात ते आपोआप समोर येईल.

बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढण्याच्या मोहिमा आपल्या खात्याने घेतल्या, त्याचं मनापासून कौतुक. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांसाठी एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं. सगळा रस्ता झाकणाऱ्या पर्जन्यवृक्षाला एक मीटर अपुराच आहे, पण निदान तेवढा तरी प्रत्येक रस्त्याच्या निविदेत अट म्हणून यावा आणि तो न सोडणाऱ्या कंत्राटदाराचं बिल अडवावं. 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. मुळं कापणं ही इजा नाही तर काय?

आणि सुरुवात राणीच्या बागेतून व्हावी. 1862 पासूनची बाग, गोरखचिंचेसारखी झाडं बघायला शाळकरी मुलं तिथे येतात. निवडक जुन्या झाडांखालची माती मोकळी करा, झाडून काढलेला पालापाचोळा तिथेच पसरा. छाटलेल्या फांद्यांचा चुरा आहेच. आपल्या पावसात तो बुंध्याला चिकटला तर साल कुजेल, म्हणून वीतभर जागा मध्ये सोडावी लागेल. शेजारी मराठीत एक पाटी लावा : इथे चालू नका, खाली मुळं आहेत.

हे काम माणसं मागतं, हे मला कळतं. परळ-लालबागमधले आम्ही काही जण नोंदी करायला, फोटो काढायला यायला तयार आहोत. छाटणी सुरू होण्याआधी आम्हाला एकदा भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपली,
परळची एक रहिवासी