गाड्या किती ते नंतर, आधी टायर कसा धरतो ते लिहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कन्सोलवरच्या मोटार-शर्यतीच्या गेमबद्दल आपल्या पुरवणीत अधूनमधून लिहून येतं, याचा आनंद आहे. पण बहुतेक वेळा त्यात दोनच गोष्टी असतात: गाड्या किती आणि चित्र किती खरं दिसतं. या प्रकारच्या गेमला ही दोन्ही मापं अपुरी आहेत. ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं का आणि ते आलेलं हाताला कळतं का, यावर असा गेम तरतो किंवा बुडतो. प्लेस्टेशनवरची ‘ग्रॅन टुरिझ्मो’ ही मालिका दाखल्याला घेतो, कारण तिच्यात उत्तम कारागिरीही सापडते आणि आकड्यांच्या मागे लागल्यावर काय होतं तेही.

पहिल्या ‘ग्रॅन टुरिझ्मो’चं काम जपानमध्ये १९९२ च्या सुमारास सुरू झालं आणि गेम बाजारात आला २३ डिसेंबर १९९७ ला. म्हणजे पाच वर्षं. या गेमचे निर्माते काझुनोरी यामाउची यांच्या हाताखाली सुरुवातीला मूठभर माणसं होती, शेवटीही चमू पंधराएक जणांचाच होता. याच चमूची पुढे १९९८ मध्ये ‘पॉलिफोनी डिजिटल’ ही कंपनी झाली. त्या एका गेमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. त्यात सुमारे १४० गाड्या होत्या हे सगळे सांगतात. त्या गाड्या कुठल्या यंत्रावर चालवून दाखवल्या, हे फारसं कुणी सांगत नाही.

पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर सुमारे ३३.८७ मेगाहर्ट्झचा. मुख्य मेमरी २ एमबी, चित्रासाठी वेगळी १ एमबी, आवाजासाठी ५१२ केबी. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, दाखवायची, तर एका फ्रेमच्या वाट्याला प्रोसेसरचे साधारण ११ लाख २९ हजार ठोके, म्हणजे कामाच्या छोट्या पायऱ्या, येतात. तेवढ्यात सहा गाड्यांच्या हालचाली, टकरी, रस्ता, आवाज आणि कंट्रोलरची बटणं, सगळं उरकायचं. त्यात दशांशाचे हिशेब करणारा वेगळा भाग या यंत्रात नव्हताच. म्हणून आकडे पूर्णांकात ठेवावे लागत: १ म्हणजे ४०९६ धरायचे, मग दीड म्हणजे ६१४४. टायर किती घसरला, स्प्रिंग किती दबली, हे सगळं गणित अशा पूर्णांकांत बसवताना आकडा फार मोठा झाला तर मर्यादेबाहेर जातो आणि फार लहान झाला तर शून्य होतो. गाडी उगाच थरथरणं किंवा उभ्या जागी सरकणं अशा चुका यातूनच निघतात.

चित्राची अडचण वेगळी. १ एमबीमध्ये पडद्यावरची फ्रेम आणि तयार होत असलेली पुढची फ्रेम, दोन्ही ठेवायच्या. ३२० × २४० च्या दोन फ्रेमना सोळा-बिट रंगांत ३०० केबी लागतात. उरलेल्या जागेत गाड्यांचे रंग, रस्ता, झाडं, प्रेक्षकांचे कठडे आणि डॅशबोर्डचे आकडे. शिवाय गाडी, रस्ता सगळं छोट्या त्रिकोणांचं बनवलेलं असतं, आणि हे यंत्र त्रिकोणावर चित्र चढवताना त्याचा कुठला भाग जवळ नि कुठला लांब, याचा विचार करत नाही. त्यामुळे गाडीच्या अगदी पुढचा रस्ता वाकडातिकडा दिसतो आणि पांढरा पट्टा सापासारखा वळवळतो. यावर एकच धड उपाय: जवळच्या रस्त्याचे मोठे तुकडे आणखी लहान तुकड्यांत कापायचे. पण तुकडे वाढले की वेळ वाढतो, आणि तो वेळ टायरच्या गणितातून काढून घ्यावा लागतो. सीडी सेकंदाला ३०० केबी वाचते, म्हणजे २ एमबी भरायला सात सेकंद. शर्यत सुरू असताना मागून काही आणून भागवण्याचीही सोय नाही.

एवढ्या तंगीत या लोकांनी वाट्याला आलेले ठोके कुठे खर्च केले, ते पाहण्यासारखं आहे. एका गाडीला त्यांनी तीनेकशेच त्रिकोण दिले आणि चालण्याला जागा ठेवली. पुढची चाकं ओढणारी, मागची ढकलणारी, इंजिन मध्यभागी असलेली आणि चारही चाकांची, या गाड्या एकाच वळणावर वेगवेगळ्या वागतात, आणि ते वागणं समजण्यासारखं असतं.

एक हिशेब मांडून दाखवतो. गाडी १२०० किलोची, दोन आसांमधलं अंतर अडीच मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. उभी असताना पुढच्या चाकांवर ७२० किलो, मागच्यांवर ४८०. जोरात ब्रेक मारला आणि वेग ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) या दराने उतरू लागला, की १२०० × ०.९ × ०.५ ÷ २.५, म्हणजे २१६ किलो भार मागून पुढे सरकतो. आता पुढे ९३६ आणि मागे २६४. मागच्या एकेका टायरवर १३२ किलो उरले. अशा वेळी स्टिअरिंग फिरवलं, तर मागचे टायर बाजूचा जोर पेलू शकत नाहीत आणि गाडीची शेपूट बाहेर निघते. उलट ब्रेकच नाही आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, तर पुढची चाकं हलकी होऊन गाडी वळायचं सोडून सरळ निघते. शिवाय भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. ज्या गेममध्ये हा हिशेब होत नाही, तिथे ब्रेक आणि वळण एकत्र केलं तरी काही बिघडत नाही. दहा मिनिटं खेळलं की फरक कळतो, आणि परीक्षणात तो लिहिता येतो.

हे शिकवायला गेममध्येच लायसन्सच्या परीक्षा ठेवल्या: बी, ए आणि इंटरनॅशनल ए, प्रत्येकी आठ. ब्रेक मारून ठरलेल्या पट्ट्यात थांबणं, मग एकच वळण, मग वळणांची माळ. वेळेप्रमाणे कांस्य, रौप्य, सुवर्ण. लायसन्स नाही तर त्या दर्जाच्या शर्यतीत प्रवेश नाही. अनेकांना या परीक्षा कंटाळवाण्या वाटतात, मला त्या या गेमचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वाटतात. कारण सुरुवातीला हातात फक्त १०,००० क्रेडिट (गेममधले पैसे) असतात, त्यात जुन्या बाजारातली एखादी साधी गाडी येते, आणि तिच्यावर जिंकायचं तर हात बसलेला हवा.

इथे नवशिक्यांची नेहमीची चूक सांगायला हवी. पैसे मिळाले की ते आधी इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो घेतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीला मोठा टर्बो बसवला की तीच दोन चाकं ओढतातही आणि वळवतातही. टायरची सगळी पकड ओढण्यात संपते आणि गाडी वळणाबाहेर जाते. खर्चाचा बरोबर क्रम असा: आधी टायर, मग वजन कमी करणं, मग सस्पेन्शन, आणि शेवटी इंजिन. गिअरचंही तसंच. ट्रॅकवरच्या सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या टोकाला वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांची सुई लाल पट्ट्याच्या थोडी अलीकडे राहील, एवढंच गुणोत्तर ठेवायचं. त्याहून लांब ठेवलं तर आकडा मोठा दिसतो, पण तो वेग गाठायला रस्ताच पुरत नाही.

आता गाड्यांच्या संख्येकडे येतो. १९९९ च्या दुसऱ्या भागात सुमारे ६५० गाड्या आणि दोन डिस्क. घाईची किंमत तिथे दिसली: अमेरिकेतल्या पहिल्या प्रतींत सगळ्या शर्यती जिंकूनही गेम ९८.२ टक्क्यांपुढे पूर्ण होत नसे. २००१ च्या तिसऱ्या भागात गाड्या उतरून १८० च्या आसपास आल्या, पण गेम प्लेस्टेशन २ वर सेकंदाला ६० फ्रेमने धावला. ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते. ३० फ्रेमवर दोन चित्रांमध्ये १.८५ मीटर निघून जातात, ६० वर ९३ सेंटीमीटर. ब्रेक कुठे मारायचा ते इतकं जास्त नेमकं ठरवता येतं. माझ्या मते गाड्या कमी करून हे घेणं हा मालिकेतला सर्वांत शहाणा सौदा होता. २०१० च्या पाचव्या भागात मात्र हजाराहून जास्त गाड्यांची जाहिरात झाली. त्यातल्या दोनशेच्या आसपास नव्याने बारकाईने घडवलेल्या, आणि आठशेच्या घरात प्लेस्टेशन २ वरून उचललेल्या, ज्यांना आतून नीट डॅशबोर्डही नव्हता. ‘हजार गाड्या’ असा मथळा देताना हे लिहिलं नाही, तर वाचकाला अर्धीच माहिती मिळते.

हाताला काय कळतं, याबद्दल तर मराठीत जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही. साध्या बाणांच्या बटणांना ‘थोडं’ ठाऊक नसतं: दाबलेलं किंवा सोडलेलं. म्हणून चाकं हळूहळू वळवण्याचं काम गेमला स्वतःच करावं लागतं. कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायची छोटी दांडी आल्यावर अर्धं वळण शक्य झालं, प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरला तर बटण किती जोराने दाबलं तेही कळायचं. पुढे स्टिअरिंग व्हील आलं: तिसऱ्या भागाच्या वेळचं एका पूर्ण फेरीहूनही कमी फिरणारं, चौथ्याच्या वेळचं ९०० अंश. व्हीलमधली मोटर रस्त्याचा धक्का हाताला जाणवून देते; व्हील घेणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे तिचा जोर कमाल मापावर ठेवणं. मोटरची ताकद संपली की रस्त्यावरचा खड्डा आणि टायरची घसरण यांतला फरकच हाताला लागत नाही, सगळं सारखंच जड लागतं. वेगातल्या लांब वळणात व्हीलला आणखी थोडं जड होता येईल, इतका जोर खाली आणावा. पाय स्थिर असताना अ‍ॅक्सिलरेटरची पट्टी पडद्यावर थरथरत असेल, तर दोष गेमचा नसतो. पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या फिरत्या रोधकावर धूळ बसलेली असते. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारून पेडल पाचपन्नास वेळा दाबलं की बहुतेकदा ते सुधारतं.

आणि टीव्ही. आपल्याकडे पूर्वी पाल पद्धतीचे ५० हर्ट्झचे टीव्ही होते. जपान-अमेरिकेतले ६० हर्ट्झचे अनेक गेम त्यावर आणताना नीट जुळवले जात नसत, म्हणून सहाव्या हिश्शाने हळू चालत आणि वरखाली काळ्या पट्ट्या दिसत. आता तो प्रश्न गेला, पण नवा आला. आजचे टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात ते उशिरा दाखवतात. १०० मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर ताशी २०० ला गाडी पडद्यावर दिसते त्याच्या साडेपाच मीटर पुढे असते. खेळाडू स्वतःला दोष देत राहतो. उपाय फुकट आहे: टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड लावायचा आणि हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करायचा. काही टीव्हींवर हे प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी वेगळं करावं लागतं. कन्सोल दुसऱ्या खाचेत लावला की गेम बिघडल्यासारखा वाटतो, तो यामुळे.

शेवटचा मुद्दा इंटरनेटचा. ४ मार्च २०२२ ला आलेल्या सातव्या भागात एकट्याने खेळायचं असलं, तरी बहुतेक भागांसाठी सर्व्हरशी जोडणी लागते. त्याच महिन्यात १७ तारखेला दुरुस्तीचं काम अडकलं आणि तीस तासांहून जास्त वेळ डिस्क विकत घेतलेल्यांनाही गेम नीट खेळता आला नाही. कंपनीने पुढे प्रत्येकाला दहा लाख क्रेडिट दिले, पण मूळ रचना तीच राहिली. २०१७ च्या ‘ग्रॅन टुरिझ्मो स्पोर्ट’ची ऑनलाइन सेवा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. १९९७ ची सीडी मात्र चालू यंत्रात घातली की आजही कुणाला न विचारता सुरू होते. लोडशेडिंग आणि तुटक नेट असलेल्या गावातल्या वाचकाला, चार-पाच हजारांची डिस्क घेण्याआधी हे कळायला हवं.

म्हणून विनंती अशी की, यापुढे अशा गेमचं परीक्षण छापताना एक छोटी चौकट द्यावी: सेकंदाला किती फ्रेम आणि त्या गर्दीत टिकतात का, ब्रेक मारत वळल्यावर गाडी काय करते, साध्या कंट्रोलरवर आणि व्हीलवर किती फरक पडतो, डिस्क असूनही नेटवरून आणखी किती जीबी उतरवावे लागतात, आणि नेट काढल्यावर नेमकं काय चालू राहतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर परीक्षकाने राउटर बंद करून स्वतः पाहून लिहावं.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे