स्वातंत्र्यदेवता, गरुड आणि अनामिक हात

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या आरंभीच्या लोकचित्रांत स्वातंत्र्यदेवता आणि गरुड इतक्या वेळा का भेटतात, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. मला अत्यंत प्रिय असलेल्या एका चित्रावरून उत्तर देतो.

अमेरिकन चित्रकार एडवर्ड सॅव्हेजने १७९६ मध्ये फिलाडेल्फियात एक मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेले चित्र, प्रसिद्ध केले. ग्रीक पुराणातली तारुण्यदेवता हीबी झ्यूसच्या गरुडाला पेल्यातून पाजते, ही कल्पना जुनीच होती. सॅव्हेजने त्या हीबीलाच स्वातंत्र्यदेवता केले आणि तिच्यासमोर १७८२ पासून राष्ट्रमुद्रेवर असलेला पांढऱ्या डोक्याचा गरुड आणला. तिच्या पायाखाली फ्रेंच राजसत्तेच्या बॅस्तील तुरुंगाची किल्ली आणि मोडका राजदंड आहे, तर दूरवर बॉस्टन सोडून जाणारे ब्रिटिश आरमार आहे.

पण खरी गोष्ट पुढे घडली. मुलींच्या शाळांतून या चित्राच्या नकला जलरंगांत आणि रेशमी भरतकामात होऊ लागल्या, आणि चीनमधील कँटनच्या चित्रकारांनीही काचेच्या मागील बाजूने ते रंगवले. हात बदलला की तपशील बदलत, चेहरा सपाट होई, प्रमाण चुके. तरी गरुडापुढे धरलेला तो पेला सुटत नसे. या सपाटपणाला मी उणीव मानत नाही, कारण ज्या मुलीने महिनोन्महिने एकेक टाका घालून तो पक्षी भरला, तिच्यासाठी राष्ट्र ही रोज हाताखालून जाणारी वस्तू झाली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या फेनिमोर कला संग्रहालयात तर स्वातंत्र्यदेवता आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चित्र चक्क खिडकीच्या पडद्यावर आहे, आणि ते कोणी काढले हे आजही अज्ञात आहे.

एक गोष्ट मात्र मला सतत टोचते. या चित्रांत राजसत्ता पायदळी तुडवलेली असते. पण १७९० च्या जनगणनेत त्याच देशात जवळजवळ ७ लाख माणसे गुलाम म्हणून नोंदलेली होती आणि या नकलांत ती कुठेच नाहीत. सॅम्युएल जेनिंग्ज या चित्रकला रीतसर शिकलेल्या चित्रकाराने मात्र १७९२ मध्ये फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयासाठी रंगवलेल्या चित्रात देवतेच्या पायाशी तुटलेली साखळी ठेवली आणि तिच्यासमोर कृष्णवर्णीय माणसे बसवली. पुढच्या पत्रासोबत सॅव्हेज आणि जेनिंग्ज यांच्या या दोन्ही चित्रांच्या छापील प्रती पाठवतो. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहा आणि तुला काय वाटते ते सविस्तर कळव.

तुझा स्नेही