रांगेत बसून वाजवणाऱ्यांवरही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फिनलंडच्या संगीतावर मराठीत काही छापून आलं, की ते संगीतकार सिबेलियसपासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. सिबेलियस थोरच. पण त्यांच्या नव्वद वर्षं आधी, १७७५ साली, ऊसीकाउपुंकी या बंदराच्या गावी एका गरीब बुकबाइंडरच्या घरी क्लॅरोनेटवादक आणि रचनाकार बर्नहार्ड क्रुसेल जन्मले. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र.

मी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. आपल्या वरातीच्या बँडचं मूळ लष्करी बँडमध्ये आहे, आणि क्रुसेलही तिथलेच. मित्राचं क्लॅरोनेट हाती आलं, ते नुसतं ऐकून शिकले. मग पलटणीतल्या एका वादकाने धडे दिले. बारा-तेराव्या वर्षी हेलसिंकीजवळच्या स्वेआबोर्ग किल्ल्यातल्या बँडमध्ये, १७९१ मध्ये स्टॉकहोमला. फिनलंड तेव्हा स्वीडनच्याच राज्यात होता. १७९३ मध्ये ते दरबारी ऑर्केस्ट्राचे मुख्य क्लॅरोनेटवादक झाले आणि १८३३ पर्यंत ती खुर्ची त्यांनी सोडली नाही. चाळीस वर्षं!

पक्की नोकरी लागल्यावरही शिकणं थांबलं नाही. बर्लिनला टाउश, पॅरिसला लफेव्र या क्लॅरोनेटवादकांकडे ते शिकायला गेले. त्या काळी रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी तोंडाशी बसवलेली वेताची पट्टी, वरच्या ओठाकडे ठेवून वाजवायची पद्धत होती. क्रुसेलही तसंच शिकले होते, पुढे त्यांनी रीड खालच्या ओठावर घेतली. तोंडाला बसलेलं वळण असं मोडायचं, तेही नाव झाल्यावर, याला काय लागतं ते फुंकणाऱ्यालाच ठाऊक.

त्यांनी क्लॅरोनेटसाठी तीन कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्राची साथ अशा रचना, लिहिले. मला सगळ्यांत प्रिय एफ मायनर या स्वरश्रेणीतला. त्याच्या संथ भागात एक ओळ भरल्या आवाजात येते आणि लगेच तीच इतकी हळू, की डोंगरापलीकडून कुणी ओ द्यावी. तिथे फुंक कमी करायची आणि सूर तर जराही उतरू द्यायचा नाही. असं लिहायला स्वतः वाजवणाराच हवा. मोझार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराचं स्वीडिश भाषांतरही त्यांचंच, आणि १८२४ मध्ये एक ऑपेराही त्यांनी रचला.

आपल्या रविवार पुरवणीत पाश्चात्त्य संगीतावर लेख येतात, ते मी आवर्जून वाचतो. त्यांत रचनाकार आणि संचालक यांच्या जोडीला ऑर्केस्ट्राच्या रांगेत बसून आयुष्य काढणाऱ्या वादकांवरही लिहवून घ्यावं, ही विनंती. सुरुवात क्रुसेल यांच्यापासून करता येईल. त्यांच्या तिन्ही कॉन्चेर्टोंची ध्वनिमुद्रणं आज सहज ऐकायला मिळतात.

आपला,
एक क्लॅरोनेटवादक, कोल्हापूर