शिकाऊ प्रोग्रॅमरच्या संगणकावर स्वतःचा वेब सर्व्हर हवा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

घरी प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्याला बहुतेक ठिकाणी आधी एचटीएमएलची, म्हणजे वेबपानाची रचना सांगणाऱ्या भाषेची, एक फाइल लिहायला आणि तिच्यावर दोनदा क्लिक करून ती ब्राउझरमध्ये उघडायला शिकवतात. सुरुवात म्हणून हे योग्यच आहे. परंतु अनेक अभ्यासक्रम तिथेच रेंगाळतात आणि पुढे एकदम एखाद्या मोठ्या फ्रेमवर्ककडे, म्हणजे वेबसाइट बांधण्याच्या तयार सांगाड्याकडे, उडी घेतात. या दोहोंच्या मध्ये विद्यार्थ्याने स्वतःच्या संगणकावर एक छोटा वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरने मागितलेली पाने देणारा प्रोग्रॅम, चालू करून पाहिलाच पाहिजे, हे माझे आग्रहाचे मत मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

फाइल थेट उघडली की ब्राउझर ती डिस्कवरून वाचतो आणि दाखवतो. त्यात कोणी काही मागत नाही आणि कोणी काही देत नाही. वेबचा सारा व्यवहार मात्र मागणी आणि उत्तर यांवरच उभा आहे. शिवाय अशा पानावर सुरक्षिततेसाठी ब्राउझर अनेक बंधने घालतो. जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेचे मॉड्यूल, म्हणजे कोडचा स्वतंत्र भाग, वेगळ्या फाइलमधून घेतले, किंवा शेजारच्या फाइलमधली माहिती फेच करायला, म्हणजे कोडमधून मागवायला, गेले, तर ब्राउझर नकार देतो, आणि कोड अचूक असूनही विद्यार्थी तासन्‌तास आपल्याच ओळींत चूक शोधत बसतो. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेची फाइल तर ब्राउझरमध्ये सर्व्हरशिवाय चालतच नाही.

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी असलेले महागडे यंत्र, ही समजूत अजून पुष्कळ पालकांच्या आणि काही शिक्षकांच्याही मनात आहे. वास्तविक सर्व्हर हा एक प्रोग्रॅम आहे आणि तो साध्या संगणकावर चालतो. १९९० च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तो त्यांच्या कामाच्या, नेक्स्ट या कंपनीच्या संगणकावरच. कोणी तो चुकून बंद करू नये म्हणून त्यांनी त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. आज पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा बसवलेली असेल तर तिच्यातले एचटीटीपी सर्व्हरचे (एचटीटीपी म्हणजे वेबवरील मागणी-उत्तराची नियमावली) मॉड्यूल एका ओळीच्या आज्ञेने सुरू होते. पीएचपीमध्येही ५.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, असा सर्व्हर अंगभूत आहे. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, त्यापुढे कोलन आणि पोर्टचा, म्हणजे मागणी संगणकावरच्या कोणत्या प्रोग्रॅमकडे जावी ते ठरवणाऱ्या दाराचा, क्रमांक, बहुधा ८०००, असा पत्ता टाकला की आपले पान दिसते. लोकलहोस्ट म्हणजे आपलाच संगणक, १२७.०.०.१ हा पत्ता. त्याकडे पाठवलेली मागणी संगणकाबाहेर जातच नाही, त्यामुळे यासाठी इंटरनेटचीही गरज नाही.

खरे शिक्षण सुरू होते ते टर्मिनलच्या, म्हणजे सर्व्हरची आज्ञा जिथे टाइप केली त्या, खिडकीत. प्रत्येक मागणीची एक ओळ तिथे उमटते, आणि एका पानासाठी ब्राउझर एचटीएमएल, सीएसएस (पानाची सजावट सांगणारी फाइल) आणि प्रत्येक चित्र वेगवेगळे मागतो, हे विद्यार्थ्याला प्रथमच डोळ्यांनी दिसते. आपण कुठेही न लिहिलेला फेविकॉन, म्हणजे टॅबवरचे छोटे चिन्हसुद्धा ब्राउझर आपणहून मागतो आणि त्याला ४०४, म्हणजे 'सापडले नाही', हे उत्तर मिळते, हे पाहून शिकणाऱ्याला पडणारे प्रश्न फार मोलाचे असतात. मुद्दाम एका चित्राचे नाव चुकवावे आणि ओळ वाचावी. मग सर्व्हरच बंद करून पान पुन्हा मागावे. पहिल्या वेळी 'ती वस्तू इथे नाही' असे उत्तर आले होते, दुसऱ्या वेळी उत्तर देणाराच नाही; हा फरक ज्याला कळला, त्याला पुढे प्रत्यक्ष कामातल्या निम्म्या बिघाडांचा शोध कुठून घ्यायचा ते कळते, असे मी अनुभवाने म्हणतो.

डेटाबेस शिकण्याची वेळ आली की अपाचे हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी व पर्ल या भाषा एकत्र देणारे झॅम्प हे पॅकेज सोयीचे ठरते. आपल्या फाइली एचटीडॉक्स या फोल्डरमध्ये ठेवल्या की झाले. पण पहिल्याच दिवशी ते हाती देऊ नये, कारण एवढे भाग एकदम आले की कोणता काय करतो ते समजत नाही. त्यातच ८० क्रमांकाचे पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमने आधीच घेतलेले असले तर अपाचे सुरू होत नाही, आणि विद्यार्थी सारे काढून पुन्हा पुन्हा बसवत राहतो. पोर्ट कोणाकडे आहे ते पाहणे, किंवा अपाचेच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ८० ऐवजी ८०८० लिहिणे, एवढेच तिथे पुरेसे असते.

सुरक्षिततेबद्दल मात्र शिकवणाऱ्यांनी अधिक काटेकोर असावे. पायथनचा हा सर्व्हर वेगळे सांगितले नाही तर संगणकाच्या सर्व नेटवर्क पत्त्यांवर ऐकतो. म्हणजे फायरवॉलने (बाहेरून येणाऱ्या मागण्या रोखणाऱ्या संरक्षक प्रोग्रॅमने) अडवले नाही तर त्याच वायफायवरच्या इतरांनाही तो उघडता येतो. फोल्डरमध्ये इंडेक्स फाइल, म्हणजे आपोआप उघडणारे मुख्य पान, नसेल तर तो आतल्या सगळ्या फाइलींची यादीही दाखवतो. म्हणून सरावासाठी वेगळे फोल्डर करावे, आपली खासगी कागदपत्रे असलेल्या फोल्डरमधून सर्व्हर कधीही सुरू करू नये, आणि आज्ञेतच १२७.०.०.१ या पत्त्याचे बंधन घालावे. झॅम्पमध्येही डेटाबेसच्या मुख्य वापरकर्त्याला सुरुवातीला पासवर्ड नसतो. ही साधने सरावासाठी आहेत, आणि राउटरमधून त्यांना बाहेरच्या इंटरनेटला वाट करून देणे धोक्याचे आहे.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की फ्रेमवर्कच्या आधी दोन तासिका या कामाला द्याव्यात, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत तयार पान दाखवण्याबरोबरच सर्व्हरच्या नोंदीतल्या चार-पाच ओळी देऊन त्यांचा अर्थ विद्यार्थ्याला विचारावा.

आपला नम्र,
एक संगणक शिक्षक