ब्रेकच्या टाकीवरचे दोन स्क्रू

संपादक महोदय,

पावसाळा सरला की ब्रेक ऑइल बदलायला मोटरसायकली गॅरेजात येतात आणि हँडलवरच्या टाकीचे झाकण अडून बसते. ४ मिलिमीटरचे दोन स्क्रू, पण जागचे हलत नाहीत. डोक्यावरची फुलीची खाच मात्र गोल होते. बोल गंजाला लावला जातो. निम्मा दोष स्क्रूड्रायव्हरचा असतो. जपानी घडणीच्या गाड्यांचे हे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाचे. पुष्कळांच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसतो. दुकानात 'स्टार' म्हणून मिळतो तो फिलिप्स. तो या फुलीत तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि कडा खातो.

उरलेले काम आपली खारी हवा करते. कळंगुट, कोलव्याला उघड्यावर उभ्या असलेल्या भाड्याच्या गाड्या पाहा. अॅल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू आणि वर खारे पाणी, म्हणजे अॅल्युमिनियम झिजणार आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसणार. नुसता स्टेनलेसचा स्क्रू घालून यातून सुटका नाही.

आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. जेआयएस २ नंबरचा ड्रायव्हर फुलीत उभा धरून हातोडीने हलके टिचकावा, मग फिरवण्याहून दाबण्यावर जास्त जोर द्यावा. इंजिनच्या कव्हरवरच्या ६ मिलिमीटरच्या स्क्रूंना ३ नंबर लागतो. तिथे इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीच्या घावाने फिरणारा ड्रायव्हर, खुशाल वापरा. टाकीवर मात्र त्याचे घाव नकोत, आणि आच तर मुळीच नको: आत रबर आणि ऑइल आहे.

फुली गेलीच तर ड्रिलने फक्त डोके उडवावे. झाकण निघते आणि उरलेला दांडा ग्रिप प्लायरने सुटतो. लोखंडाचा कीस पुसल्याशिवाय आतले रबर उचलू नये. ऑइल सांडले तर लगेच पाणी ओतावे, नाहीतर रंग जातो. नवे स्क्रू अॅलनचे (सहा कोनी खाचेचे), चपट्या डोक्याचे घ्यावेत, २.५ मिलिमीटरची चावी पुरते. आट्यांना किंचित अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावून बेताने आवळावेत. पिळून आवळण्याची आपल्याकडची सवयच पुढच्या खेपेला नडते.

म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या स्पेअर पार्ट विक्रेत्यांनी जेआयएसचे २ आणि ३ नंबरचे ड्रायव्हर दुकानात ठेवावेत, आयटीआयमध्येही मुलांच्या हाती ते द्यावेत. सर्व्हिस सेंटरांनी कडा गेलेला स्क्रू परत न बसवता नवा घालावा आणि तो बिलात लावावा; गिऱ्हाईक कुरकुरणार नाही.

– दुचाकी दुरुस्ती करणारे काही वाचक, म्हापसा