काढलेल्या गाठीचा रिपोर्ट कोण मागणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान अकादमीने स्तनाच्या कर्करोगाबाबत पुढाकार घ्यावा, हा आपल्या कालच्या अंकातला लेख वाचला. जनजागृती, मॅमोग्राफी (मशीनवर काढलेला स्तनाचा एक्स-रे), संशोधन, सगळे त्यात आले. पण खेड्यातली बाई गाठ घेऊन आधी ज्या डॉक्टरकडे जाते, त्याच्याविषयी अवाक्षर नाही. आमच्याकडे घात तिथेच होतो.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या छातीत गाठ होती. दुखत नाही म्हणून सोयाबीनची रास होईपर्यंत त्यांनी ती अंगावर काढली. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे त्यांना कोण सांगणार? मग तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात जागा बधिर करून गाठ काढली. पुतण्याला ट्रेमध्ये दाखवलीसुद्धा. लिंबाएवढी, पांढुरकी. "चरबीची आहे, पूर्ण निघाली, घरी न्या." आणि ती कचऱ्यात गेली. ना गाठ टिकवणाऱ्या फॉर्मालिनच्या द्रावणाची बाटली, ना लॅबची चिठ्ठी. उन्हाळ्यात काखेत दुसरी गाठ आली. संभाजीनगरला गेलो तर डॉक्टरांनी आधी विचारले, पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे? पुतण्या खाली मान घालून उभा राहिला. त्याचा काय दोष? पुढे केमो झाली, ऑपरेशन झाले, रेडिएशनचे शेक झाले. जाऊबाई आज नाहीत.

खरे तर अशी गाठ थेट कापायचीच नसते. आधी सुईने तुकडा घेऊन बायोप्सी करायची, मग उपचार ठरवायचे. तो तुकडा नीट फॉर्मालिनमध्ये गेला तरच गाठ हार्मोनवर वाढते का (ईआर, पीआर) आणि तिच्यात हर-टू हे प्रथिन जास्त आहे का, या तपासण्या भरवशाच्या होतात, आणि कोणते औषध लागू पडेल ते त्यावरच ठरते. डॉक्टरांना हे माहीत नसते असे मला वाटत नाही. त्यांना कोणी जाब विचारत नाही.

ही अकादमी 1961 पासूनची. शासनाला सल्ला देणे आणि डॉक्टरांचे शिक्षण चालू ठेवणे हे तिचे कामच आहे. मग ते शिक्षण हिंगोलीत, परळीत, भूममध्ये येऊन द्या, आणि काढलेली कोणतीही गाठ तपासल्याशिवाय फेकता येणार नाही, असा नियम करायला शासनाला सांगा. मुंबईत टाटा रुग्णालयाने दीड लाख बायकांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासले, तरी पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. 2021 मध्ये हे प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे मशीन नाही ही सबब चालणार नाही. पण आशाताईने वेळेवर पाठवलेली बाई अशाच एखाद्या दवाखान्यात गेली, तर त्या तपासणीचा काय उपयोग?

आणखी एक. त्याच अंकात आतल्या पानावर "विनाऑपरेशन गाठी व कॅन्सर मुळापासून बरा" अशी पाव पानाची जाहिरात आहे. कॅन्सर बरा करण्याच्या अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. जाऊबाईंनीही मधले काही महिने असलाच काढा घेतला होता, तोही वर्तमानपत्रातले कात्रण जपून ठेवून. या जाहिराती घेणे आपण बंद करावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, अंबाजोगाई